तीन कळा आणि मूळ दुखणें

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ज्यांच्या घरीं किंवा कचेरींत संगणक आला, त्यांतल्या बहुतेकांना एक प्रसंग चांगला आठवत असेल. दोन तास खपून एखादें पत्र किंवा हिशेबाचें कोष्टक पुरें होत आलेलें असावें, आणि अवचित पडद्यावरचा बाण जागच्या जागीं थिजावा. कळा दाबाव्या, तर अक्षर उमटत नाहीं. माउस सरकवावा, तर बाण हालत नाहीं. मग शेजारच्या टेबलावरचा कोणी जाणता सहकारी उठून येई, दोन्ही हातांचीं बोटें कळफलकावर पसरी, आणि ‘कंट्रोल’, ‘आल्ट’ व ‘डिलीट’ या तीन कळा एकदम दाबी. पडदा काळा होई आणि यंत्र पुन्हां पहिल्यापासून जागें होई. दोन तासांचें काम गेलेलें असे, पण तें कां गेलें हें विचारण्याचें कोणास सुचत नसे. यंत्र चालूं झालें, एवढ्यावरच सर्वांचें समाधान होई.

मराठींत ‘कळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. यंत्राची कळ ही एक, आणि दुखण्याची कळ ही दुसरी. एक दाबली कीं दुसरी थांबते, असा अनुभव संगणकानें कोट्यवधि लोकांना दिला. परंतु कळ थांबली म्हणजे दुखणें गेलें असें नव्हे, हें घरांतलीं वडील माणसें पूर्वींपासून सांगत आलीं आहेत. तातडीची कळ आणि मुळांतला दोष यांचें नातें गेल्या चाळीस वर्षांत कसें बदलत गेलें, याचा इतिहास म्हणूनच पाहण्यासारखा आहे.

संगणकाच्या आज्ञावलींतील दोषाला इंग्रजींत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. हा शब्द संगणकाहून जुना आहे. थॉमस एडिसन यानें १८७८ सालच्या एका पत्रांत आपल्या शोधकार्यांत उद्भवणाऱ्या बारीकसारीक अडचणींना हेंच नांव दिलेलें आढळतें. पुढें ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांतील ‘मार्क टू’ या प्रचंड गणनयंत्राच्या एका रिलेंत खराखुरा पतंग अडकलेला सांपडला. यंत्र चालविणाऱ्यांनीं तो काढला, रोजच्या नोंदवहींत चिकटपट्टीनें चिकटविला, आणि प्रत्यक्ष किडा सांपडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा अर्थाची थट्टेची एक ओळ त्याखालीं लिहिली. ग्रेस हॉपर या विदुषीनें ही गोष्ट पुढें इतक्या वेळां सांगितली कीं ती तिच्याच नांवावर चढली. तें पान अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत जपून ठेवलेलें आहे. या लहानशा प्रसंगांत दोन कामें झालीं: अडथळा दूर झाला, आणि तो कशानें आला होता याची नोंद राहिली. पुढच्या कथेंत हीं दोन कामें एकमेकांपासून दुरावतात.

हा दुरावा जेथें ठळक झाला तें ठिकाण म्हणजे फ्लॉरिडा राज्यांतील बोका रेटन. आयबीएम या बलाढ्य कंपनीनें तेथें १९८० सालीं मोजक्या इंजिनिअरांचें एक पथक बसविलें, आणि सुमारें वर्षभरांत एका माणसाच्या टेबलावर मावेल असा स्वस्त संगणक तयार करण्याचें काम त्यांच्यावर सोंपविलें. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं जाहीर झालेला ‘आयबीएम पीसी’ तो हाच. डेव्हिड ब्रॅडली हा त्या पथकाच्या पहिल्या बारा जणांपैकीं एक. यंत्र जागें होतांच जी मूलभूत आज्ञावली चालते, ती लिहिण्याच्या कामांत त्याचा मोठा वाटा होता.

नवें यंत्र आणि नवे प्रोग्रॅम एकाच वेळीं घडत असल्यामुळें यंत्र वारंवार थिजे. दर खेपेस विजेचें बटण बंद करून पुन्हां चालूं करावें लागे. आणि असें केलें कीं यंत्र आपली सारी मेमरी पहिल्यापासून तपाशी. मेमरी जितकी अधिक तितका हा खोळंबा अधिक. यावर ब्रॅडलीनें काढलेली तोड सोपी होती. ठराविक तीन कळा एकदम दाबल्या कीं मेमरीच्या एका ठराविक जागीं १२३४ ही खूण लिहिली जाई आणि यंत्र नव्यानें सुरू होई. सुरू होतांना ती खूण दिसली कीं मेमरीची तपासणी गाळली जाई. ब्रॅडलीच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणें हें सारें कांहीं मिनिटांचें काम होतें.

पहिल्यानें त्यानें कंट्रोल, आल्ट आणि एस्केप या कळा योजिल्या होत्या. पण त्या तिन्ही कळफलकाच्या डाव्या अंगास असल्यामुळें चुकून धक्का लागे आणि चाललेलें काम नष्ट होई. तेव्हां पथकाचा प्रमुख प्रोग्रॅमर मेल हॅलरमन यानें एस्केपऐवजीं उजव्या टोकाची डिलीट ही कळ सुचविली. त्या कळफलकावर कंट्रोल आणि आल्ट या कळा डावीकडेच असल्यानें दोन्ही हात लावल्यावांचून ही आज्ञा देतां येईना. या उपायांत नाश आहे, हें तो योजणाऱ्यांनाच सर्वांत आधीं ठाऊक होतें. म्हणूनच त्यांनीं तो मुद्दाम अवघड केला.

या युक्तीची रचना समजण्यासारखी आहे. कळफलकावरील कोणतीही कळ दाबली कीं मुख्य प्रोसेसरला एक हांक जाते. हातांतलें काम क्षणभर बाजूस ठेवून कोणती कळ दाबली गेली हें तो पाहतो, आणि पुन्हां आपल्या कामाकडे वळतो. चालूं असलेला प्रोग्रॅम कितीही गोत्यांत सांपडलेला असो, ही हांक त्याला विचारून जात नाहीं. म्हणून पडदा थिजला तरी तीन कळांचा आवाज आंत पोहोंचे. पण बिघडलेल्या प्रोग्रॅमनें जर हांका ऐकणेंच बंद केलें असेल, तर या कळाही निरुपयोगी ठरत. मग विजेचें बटण बंद करण्यावांचून गत्यंतर नसे. रामबाण समजल्या गेलेल्या उपायालाही अशी मर्यादा होती.

मुळांत ही सोय संगणक घडविणाऱ्यांसाठीं होती. ती सामान्य घरांत पसरली याचें कारण त्या यंत्राच्या घडणींतच होतें. त्यांतील ८०८८ या प्रोसेसरांत एका प्रोग्रॅमची मेमरी दुसऱ्यापासून राखण्याची तजवीजच नव्हती. एखाद्या वाड्यांत बिऱ्हाडें पुष्कळ असावीं, पण मधल्या भिंतीच नसाव्या, तशी ही स्थिति. एका बिऱ्हाडाची घागर लवंडली कीं पाणी साऱ्या वाड्यांत पसरावयाचें. वाड्याला भिंती घालणें हें वर्षानुवर्षांचें काम होतें. सर्वांना बाहेर काढून वाडा धुऊन घेणें हें क्षणाचें. साहजिकच धुण्याचा प्रघात पडला आणि भिंतींचें काम मागें राहिलें.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या प्रणालीनें हा प्रघात घरोघर नेला. एप्रिल १९९२ मध्यें आलेल्या विंडोज ३.१ मध्यें तीन कळा दाबल्या कीं एक निळा पडदा येई: एक कळ दाबल्यास परत जातां येईल, दुसरी दाबल्यास अडकलेला प्रोग्रॅम तेवढा बंद होईल, आणि त्याच तीन कळा पुन्हां दाबल्यास सारें यंत्र नव्यानें सुरू होईल, पण न सांठविलेलें काम जाईल, असा त्यावर मजकूर असे. हा मजकूर पुढें कंपनीचा प्रमुख झालेल्या स्टीव्ह बाल्मर यानें स्वतः लिहिलेला होता. सारा वाडा न धुतां एकच बिऱ्हाड हलविण्याचा हा प्रयत्न होता. जुलै १९९३ मध्यें आलेल्या विंडोज एनटीनें त्याच कळांना अगदीं निराळें काम दिलें. त्या दाबल्यावरच प्रवेशाचा पडदा येई. कारण ही हांक कोणत्याही सामान्य प्रोग्रॅमला मधल्यामध्यें अडवितां येत नसे, आणि त्यामुळें पासवर्ड चोरण्यासाठीं कोणी तोतया पडदा उभा केला असेल तर तो उघडा पडे. १९९६ च्या एनटी ४.० मध्यें ‘टास्क मॅनेजर’ आला, आणि कोणता प्रोग्रॅम किती शक्ति खातो हें पाहून नेमक्या त्यालाच बंद करणें शक्य झालें.

या कळांना केवळ आळसाचें साधन म्हणून हिणविणें मात्र अन्यायाचें होईल. १९८५ सालीं टँडम या कंपनींतील जिम ग्रे या शास्त्रज्ञानें, संगणक कां थांबतात आणि त्यावर काय करतां येईल, याविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत दोषांच्या दोन जाती सांगितल्या आहेत. तीच परिस्थिति पुन्हां आणली असतां जो हमखास प्रकट होतो, तो ‘बोरबग’; आणि शोधूं गेल्यास जो नाहींसा होतो, तो ‘हायझेनबग’. बोर आणि हायझेनबर्ग या दोन पदार्थविज्ञानशास्त्रज्ञांच्या नांवांवरून हीं नांवें पडलीं. कसोशीनें तपासून वापरांत आणलेल्या आज्ञावलींत उरलेले दोष बहुधा दुसऱ्या जातीचे असतात, असें ग्रेचें प्रतिपादन होतें. त्यानें दिलेल्या एका उदाहरणांत १३२ बिघाडांपैकीं एकच पहिल्या जातीचा निघाला. अशा दोषांवर पुन्हां पहिल्यापासून आरंभ करणें हा खराखुरा उपाय ठरतो; कारण घटनांचा जो योगायोग यंत्राला नडला, तो बहुधा दुसऱ्यांदां जुळून येत नाहीं. ज्याच्यापुढें अर्धवट काम आणि थिजलेला पडदा आहे, त्याला दोषाचें मूळ शोधीत बसा असें सांगणें म्हणजे आग लागलेल्या घराच्या मालकाला विहीर खणावयास सांगण्यासारखें आहे.

मग या कळांचें वाईट कशांत? तें पुसून टाकण्यांत. नव्यानें सुरू झालेल्या यंत्राच्या मेमरींत मागच्या बिघाडाची खूण उरत नाहीं. ज्या क्षणीं दोष सर्वांत उघडा असतो, नेमका त्याच क्षणीं त्याचा पुरावा नष्ट होतो. शिवाय माणसाचें मनही बदलतें. यंत्र थिजणें हा दोष आहे, हें तो विसरतो. पाऊस यावा तसें तें यावयाचेंच, असें त्याला वाटूं लागतें. पुष्कळांना तर ती आपलीच चूक वाटे.

याचें एक बोलकें उदाहरण विंडोज ९५ मध्यें सांपडतें. यंत्र सुरू झाल्यापासून किती सहस्रांश सेकंद लोटले हें मोजणारा एक गणक त्यांत होता. त्याला नेमून दिलेली जागा ४,२९,४९,६७,२९६ इतके आंकडे मोजून झाले कीं संपे आणि गणक पुन्हां शून्यावर येई. इतके सहस्रांश सेकंद म्हणजे ४९ दिवस आणि सुमारें १७ तास. तेवढा काळ अखंड चाललेलें यंत्र थिजण्याचा संभव असे. ही प्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजीं बाजारांत आली. हा दोष जाहीर झाला तो १९९९ सालीं. मधल्या साडेतीन वर्षांत कोट्यवधि यंत्रें चालूं असूनही त्याचा बोभाटा झाला नाहीं. त्याचें कारण उघड आहे. ४९ दिवस पुरे होण्याच्या फार आधींच कोणीतरी तीं यंत्रें बंद करी, किंवा दुसऱ्याच कांहीं दोषामुळें तीन कळा दाबून नव्यानें सुरू करी. एका दोषावरील उपायानें दुसरा दोष झांकला होता.

विंडोजच्या या दोषानें नुकसान झालें तें फार तर अर्धवट राहिलेल्या कामाचें. अशाच कालगणनेच्या दुसऱ्या एका दोषानें मात्र माणसें मेलीं. ती गोष्ट टेबलावरच्या संगणकाची नाहीं, आखाती युद्धांतील आहे. पण तातडीचा उपाय आणि मुळांतला उपाय यांमधलें अंतर तींत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दिसतें. शत्रूचीं क्षेपणास्त्रें हवेंतच पाडणाऱ्या अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेचा संगणक काळ सेकंदाच्या दशांशांत मोजी. एक तृतीयांश हा अपूर्णांक दशांश पद्धतीनें लिहूं गेल्यास तीनांची रांग जशी संपत नाहीं, तसाच एक दशांश हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतींत पुरा लिहितां येत नाहीं. कोठेंतरी तो तोडावा लागतो. या तुटीमुळें यंत्र जितका अधिक वेळ अखंड चाले, तितका त्याचा हिशेब अधिक चुके. नव्यानें सुरू केलें कीं चूक शून्यावर येई, आणि नव्यानें सुरू करण्यास लागे अवघा एक ते दीड मिनिट.

११ फेब्रुवारी १९९१ रोजीं इस्रायलकडून आलेल्या माहितीवरून, सलग आठ तास चालल्यावर यंत्रणेचा नेम ढळूं लागतो, हें पेट्रियटच्या कचेरीला कळलें. १६ फेब्रुवारीस दुरुस्त आज्ञावली तयार होऊन निघाली. २१ फेब्रुवारीस तुकड्यांना इशारा गेला कीं यंत्र फार वेळ सलग चालविल्यास नेम ढळेल. ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हें त्यांत सांगितलेलें नव्हतें. इतका वेळ कोणी यंत्र सलग चालवील असें त्या कचेरीस वाटलेंच नव्हतें. २५ फेब्रुवारीस सौदी अरबस्तानांतील धहरान येथील तुकडीचें यंत्र शंभर तासांहून अधिक काळ चालूं होतें. त्याच्या कालगणनेंत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी चूक सांचली होती, आणि त्यामुळें येणारें स्कड क्षेपणास्त्र शोधण्याची जागा सुमारें ६८७ मीटरांनीं सरकली होती. यंत्रानें भलतीकडे पाहिलें. क्षेपणास्त्र सैनिकांच्या बराकीवर पडलें आणि २८ अमेरिकन सैनिक ठार झाले. दुरुस्त आज्ञावली धहरानला पोहोंचली ती दुसऱ्या दिवशीं, २६ फेब्रुवारीस. हा सारा तपशील अमेरिकन संसदेच्या हिशेब-तपासणी कार्यालयानें फेब्रुवारी १९९२ च्या अहवालांत नमूद केला आहे.

या प्रकरणाचा बोध एकांगी नाहीं. दुरुस्ती वाटेंत असतांना दीड मिनिटाचा तातडीचा उपाय पुरेसा झाला असता. त्याला तुच्छ लेखण्यांत अर्थ नव्हता. पण तातडीचा उपाय कोणत्या दुखण्यावर आहे आणि तो किती तासांनीं करावा, हें न सांगतां दिलेला सल्ला हा सल्लाच नव्हे. कळ दाबणाऱ्याला मूळ दोषाचें ज्ञान असेल, तरच ती कळ त्याचें रक्षण करते.

टेबलावरच्या संगणकांत हें शहाणपण हळूहळू आलें. आरंभ एका गंमतीच्या नांवानें झाला. विंडोज ३.१ बरोबर ‘डॉक्टर वॉट्सन’ नांवाचा एक लहान प्रोग्रॅम येई. शेरलॉक होम्सचा मित्र जसा प्रत्येक प्रकरणाची टिपणें ठेवी, तसा हा वॉट्सन प्रोग्रॅम कोसळतांच त्या क्षणाची अवस्था लिहून ठेवी. पण ती वही ज्याच्या त्याच्या यंत्रांत पडून राही. २००१ सालीं ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपी यांबरोबर पुढचें पाऊल पडलें. प्रोग्रॅम कोसळला कीं, याचा अहवाल कंपनीकडे पाठवूं काय, असें यंत्र विचारूं लागलें. अशा अहवालांत आपला खाजगी मजकूर जाईल कीं काय, ही लोकांची शंका अगदींच निराधार नव्हती. कारण मेमरीच्या चित्रांत उघड्या पत्राचा एखादा तुकडा येऊं शकतो. तरीही लाखों लोकांनीं होकार दिला, आणि पहिल्यांदांच घरोघरच्या दुखण्यांची एकत्र मोजदाद झाली.

तिचा निष्कर्ष कंपनीलाही थक्क करणारा होता. ऑक्टोबर २००२ मध्यें बाल्मर यानें ग्राहकांना लिहिलेल्या पत्रांत सांगितलें कीं सुमारें २० टक्के दोषांमुळें ८० टक्के बिघाड होतात, आणि अवघ्या १ टक्का दोषांमुळें एकूण बिघाडांपैकीं निम्मे होतात. ज्या त्रासाला लोक निसर्गनियम समजत होते, त्याचा अर्धा भाग मूठभर चुकांचा होता. त्या चुका हातीं लागल्या त्या कळ दाबण्यानें नव्हे, तर कळ दाबण्यापूर्वीं केलेल्या टिपणानें. त्याच सुमारास दुसरेंही काम चाललें होतें. विंडोज एक्सपीनें एनटीचा पाया सामान्य घरांत आणला, आणि वाड्याला एकदाच्या भिंती मिळाल्या. निरनिराळ्या उपकरणांसाठीं लिहिल्या जाणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नांवाच्या प्रोग्रॅमांमुळें बरेच बिघाड होत. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागांत टॉम बॉल आणि श्रीराम राजमणि यांनीं ‘स्लॅम’ या प्रकल्पांत, असे प्रोग्रॅम चालविण्यापूर्वींच गणिती पद्धतीनें तपासणारें साधन उभें केलें.

या सुधारणांनीं तातडीच्या कळा नाहींशा झाल्या नाहींत. त्या लहान आणि नेमक्या झाल्या. विंडोज १० मध्यें विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा दाबल्यास पडदा रंगविणारा ड्रायव्हर तेवढा नव्यानें सुरू होतो, उघडीं पत्रें जशींच्या तशीं राहतात. याउलट, जी कळ फार नाश करी ती मागें घेतल्याचेंही उदाहरण आहे. लिनक्सवर चालणाऱ्या उबुंटु प्रणालींत कंट्रोल, आल्ट आणि बॅकस्पेस या कळांनीं सारा चित्रपडदा उघड्या कामासह बंद होई. चुकून त्या दाबल्या जाऊन काम जातें, म्हणून एप्रिल २००९ च्या आवृत्तींत ही सोय मुळांतच बंद ठेवण्यांत आली. ज्याला हवी त्यानें ती मुद्दाम चालूं करावी. जुन्या जाणकारांना हें रुचलें नाहीं. यंत्र अडकलें तर सुटकेची वाट कोणती, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. दोष खरोखरच कमी झाले असतील, तरच सुटकेचा दरवाजा बंद करण्याचा अधिकार पोहोंचतो.

ऑगस्ट २००१ मध्यें आयबीएम पीसीला वीस वर्षें झाल्याचा समारंभ झाला. त्या प्रसंगीं बिल गेट्स व्यासपीठावर बसलेला असतांना ब्रॅडली म्हणाला कीं या कळांचा शोध आपण लावला असेल, पण त्यांना प्रसिद्ध केलें तें गेट्सनें. सभागृह हंसलें. २०१३ मध्यें हार्वर्ड येथें बोलतांना गेट्सनें, प्रवेशासाठीं तीन कळा वापराव्या लागणें ही चूक होती, एकच स्वतंत्र कळ असावयास हवी होती, असें कबूल केलें. पण एक कळ कीं तीन, हा प्रश्न तसा गौण आहे. कळ दाबल्यानंतर मागें काय उरतें, हा खरा प्रश्न आहे.

१९४७ च्या त्या नोंदवहीकडे पुन्हां पाहिलें असतां त्याचें उत्तर मिळतें. त्या दिवशीं यंत्र चालविणाऱ्यांनीं पतंग झटकून टाकला असता, तरी यंत्र चाललेंच असतें. पण त्यांनीं तो वहींत चिकटविला, तारीख आणि वेळ लिहिली, आणि मग कामाला लागले. तातडीचा उपाय आणि मुळाचा शोध यांत वैर नाहीं. मधल्या टिपणाची आळस किंवा घाई यांमुळें उपेक्षा होते, तेव्हां तें उत्पन्न होतें. थिजलेल्या पडद्यापुढें बसलेल्या माणसानें कळ अवश्य दाबावी. पण काय करीत असतां यंत्र थांबलें, एवढी एक ओळ त्यानें कागदावर लिहून ठेवावी, आणि यंत्र घडविणाऱ्यानें ती वाचावी. त्या एका ओळीवांचून पुढची दुरुस्ती सुरू होत नाहीं.